न्यूक्लियसबाहेरचं हिरवं धुकं

सांगली,
मार्गशीर्ष, रविवार

चि. मनू,


परवा तुझ्या आईचा फोन झाला. सिलिंडर, आत्याबाईंचा गुडघा, समोरच्या बंगल्याचं न संपणारं बांधकाम असं सगळं बोलून झाल्यावर फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "पोरीचा आवाज ऐकलास का गं? काहीतरी बिनसलंय." काय बिनसलंय ते मला ठाऊक होतं, कारण तो फोटो तू मला आधीच पाठवला होतास. मी तिला म्हटलं, थंडी आहे, तिकडे दुपारी चारला अंधार पडतो, कुणाचाही आवाज बसेल. तिला ते पटलं नाही. मलाही नाही. म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले. फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" करतेस आणि तासाभरात सगळं विसरतेस. कागद निदान टेबलावर पडून राहील.

तर तो फोटो. मोतीबिंदू काढल्यापासून मला रंग लख्ख दिसतात, म्हणून फोन आडवा धरून, बोटांनी मोठा करून, निवांत पाहिला. माशीचं अंडं, कडेला ओळीनं बसलेले न्यूक्लियस, आणि प्रत्येकात तुझं प्रोटीन हिरवंगार. इथवर पुस्तकात असतं तसंच. पण न्यूक्लियसच्या बाहेरही पातळ हिरवं धुकं आहे, आणि ते पुढच्या टोकाला दाट, मागे जाता जाता विरळ होत गेलंय. त्याखाली तू लिहिलं होतंस की सर म्हणतात हे बॅकग्राउंड आहे, ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचं न्यूक्लियसबाहेर काही काम नसतं, कॉन्ट्रास्ट वाढवून ते काळं करून टाकते आणि एकदाची मोकळी होते.

बाळा, मोकळी व्हायची एवढी घाई करू नकोस. तुमचे सर मोठे आहेत, त्यांनी हजारो अंडी पाहिली असतील, आणि ते म्हणतात तसं ते बॅकग्राउंड निघूही शकेल. पण बॅकग्राउंड इतक्या शिस्तीत पुढून मागे उतरत जाईल का? बलक चकाकतो हे मान्य, पण तो मधोमध असतो, तुझं धुकं कडेला आहे. काळं करून टाकलंस की हा प्रश्न विचारायची सोयच राहणार नाही. मला काळजी वाटते ती याची. तू जेवत नाहीस, रात्री दोनला ऑनलाइन दिसतेस, याचीही वाटते, पण ती पुढे सांगते.

तू चौथीत असताना मे महिन्यात आमच्याकडे राहायला आली होतीस, आठवतंय? माळ्यावर आंब्यांची आढी घातली होती आणि एका नासक्या आंब्यावर चिलटं जमली होती. मी बाटलीत केळ्याचा तुकडा टाकून ती पकडली आणि कॉलेजातलं भिंग तुझ्या हातात दिलं. तू दिवसभर वहीत पाय मोजून लिहीत होतीस. एका चिलटाला पाचच पाय होते. दादा म्हणाला, "कीटकाला सहाच असतात, सहा लिही." तू लिहिलंस पाच, आणि कंसात, "एक दिसत नाही." ती वही अजून माझ्या कपाटात आहे. पुढच्या खेपेला आलीस की दाखवीन.

आता तुझ्या गावाची गोष्ट सांगते, तुला ती माझ्यापेक्षा जास्त माहीत असायला हवी. ग्योटिंगेनमध्ये, त्या टेकडीवरच्या माक्स प्लांक संस्थेतच, या धुक्याचा एक जुना दाखला पडलाय. बायकॉइड तुला पाठ आहे. माशीची आई अंड्याच्या पुढच्या टोकाला बायकॉइडचा आरएनए चिकटवून ठेवते, त्यापासून प्रोटीन बनतं आणि ते मागे पसरत विरळ होत जातं. ट्युबिंगेनला क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि वोल्फगांग ड्रीव्हर यांनी 1988 मध्ये हा उतार डोळ्यांना दाखवला. आईकडे बायकॉइड नसेल तर अळीला डोकं आणि छाती येत नाही, आणि पुढच्या टोकालाही शेपटाकडचे भाग उगवतात. न्यूस्लाइन-फोलहार्डबाईंना 1995 मध्ये एड लुईस आणि एरिक व्हीशाउस यांच्याबरोबर नोबेल मिळालं, तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. मुलांना वाटलं माझी बढती झाली.

पण मला सांगायचंय ते कॉडलचं. आई अंड्यात कॉडलचा आरएनए भरते तो सगळीकडे सारखा. पुढे, मागे, मध्ये, कुठेही बघ, सारखाच. आणि कॉडल प्रोटीन मात्र फक्त मागे, पुढे अगदी नाही. म्हणजे निरोप सगळीकडे पोचलाय, आणि पुढच्या भागात कुणीतरी तो वाचूच देत नाही. बायकॉइड काढून टाकलं की कॉडल प्रोटीन पुढेही दिसू लागतं. मग बायकॉइड काय करतं? सगळ्यांना सरळ वाटणारं उत्तर असं की बायकॉइड ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे, तेव्हा ते न्यूक्लियसमध्ये जाऊन दुसरं कुठलं तरी जनुक चालू करत असेल, आणि ते जनुक कॉडलला थोपवत असेल. पण 1996 मध्ये नेचरच्या एकाच अंकात दोन गटांनी दाखवलं की मध्ये कुणी नाही. एक गट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला, डबनाऊ आणि स्ट्रुल यांचा. दुसरा तुमच्या टेकडीवरचा, हर्बर्ट येक्ल यांच्या प्रयोगशाळेतला. बायकॉइड प्रोटीन स्वतः जाऊन कॉडलच्या आरएनएचं शेपूट धरतं. बाहेर, सायटोप्लाझममध्ये.

धरून करतं काय, हे कळायला 2005 उजाडलं. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातून ते काम आलं. आरएनएच्या डोक्यावर एक टोपी असते, तिच्यावर ईआयएफ4ई नावाचं प्रोटीन बसतं आणि रायबोसोम बोलावतं. त्याच्याच घराण्यातलं 4ईएचपी नावाचं दुसरं प्रोटीन त्याच टोपीवर बसू शकतं, पण ते कुणालाच बोलावत नाही. बायकॉइड एका बाजूने कॉडलचं शेपूट पकडतं आणि दुसऱ्या बाजूने या 4ईएचपीला डोक्याशी आणून बसवतं. एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसा हा प्रकार. बसलेलं कुणी नाही, पण दुसऱ्यालाही बसता येत नाही. निरोप शाबूत राहतो, वाचला जात नाही.

आता या दोन्हींच्या मधलं सांगते, कारण तुझ्या कामाचं तेच आहे. बायकॉइडचा जो साठ अमिनो आम्लांचा होमिओडोमेन डीएनए पकडतो, तोच आरएनएही पकडतो. त्याच तुकड्याला दोन्ही कामं, मग कुठल्या परिणामाला कुठलं काम जबाबदार हे कसं सांगायचं? 2000 साली येक्ल यांच्याच प्रयोगशाळेतून निघालेल्या कामात होमिओडोमेनच्या 54 व्या जागेवरचं आर्जिनिन बदलून पाहिलं. डीएनए पकडणं तसंच राहिलं, आरएनए पकडणं बिघडलं. असं बायकॉइड माशीत घातलं तर त्याची नेहमीची जनुकं चालू होतात, पण कॉडल थांबत नाही. एक अमिनो आम्ल, आणि दोन कामं हातात वेगळी. मनू, मला या सगळ्या कहाणीत हाच प्रयोग सर्वात देखणा वाटतो. तुझ्या धुक्यासाठी असलं एखादं आर्जिनिन शोध. तुझ्याही प्रोटीनला होमिओडोमेन आहे. त्याची तिसरी हेलिक्स बायकॉइडच्या शेजारी मांडून बघायला एक संध्याकाळ पुरेल.

आणि एक. तुझ्या फोटोतलं अंडं किती वेळाचं आहे? पेशींच्या भिंती दिसत नाहीत, न्यूक्लियस मात्र कडेला आलेत. म्हणजे तेरा विभाजनं अजून पुरी झालेली नसावीत. त्या वेळी गर्भाची स्वतःची जनुकं बहुतांशी बंदच असतात, आईने अंड्यात भरलेल्या सामानावर सगळं चाललेलं असतं. अशा वेळी इतकं प्रोटीन बाहेर असेल आणि त्याचं काही काम असेल, तर ते जनुक चालू-बंद करण्याचं असण्याची शक्यता कमी. सरांना हे शांतपणे सांगून बघ. मात्र त्याआधी ते न्यूक्लियस नुकतेच दुभंगलेले नाहीत ना, हे पाहून घे. विभाजनाच्या वेळी आतलं प्रोटीन बाहेर सांडतंच, आणि ऐन तेव्हा फिक्स झालेलं अंडं कुणालाही फसवेल. हिस्टोनचा रंग शेजारी घालशील तर एका नजरेत कळेल.

मध्येच सांगते, इकडे गेले चार दिवस आभाळ भरलेलं आहे. तासगावच्या बागायतदारांचा जीव टांगणीला लागलाय, घडांवर दावण्या उतरतोय. आपल्या शेजारचे आप्पा पहाटे उठून फवारणीला जातात आणि दुपारी येऊन आमच्या ओट्यावर चहा पितात. काल म्हणाले, "तुमची भाची जर्मनीत किड्यांवर शिकते ना, तिला विचारा काही औषध असलं तर." मी म्हटलं दावण्या किडा नाही, तो बुरशीसारखा रोग आहे, आणि ती माशांवर शिकते. ते म्हणाले, "मग काय उपयोग!" लिहिते तेवढ्यात पुन्हा शिंतोडे आले.

हं, तर नेमून दिलेल्या जागेबाहेर काम करणं हे फक्त बायकॉइडचंच वेड नाही. पॅरिसच्या आलँ प्रोशियांट्झ यांची गोष्ट तू नक्की ऐकली असशील. त्यांना अँटेनापीडियाचा होमिओडोमेन चेतापेशींच्या आत घालून काय होतं ते पाहायचं होतं. आत घालायची खटपट वेगळी, आणि तुलनेसाठी काही पेशींच्या नुसत्या माध्यमातच ते प्रोटीन टाकलेलं. आणि त्या नुसत्या टाकलेल्या पेशींतही ते आत शिरलेलं दिसलं, थेट न्यूक्लियसपर्यंत. 1991 मध्ये त्यांनी हे छापलं. जनुकांवर हुकूम चालवणारं प्रोटीन एका पेशीतून बाहेर पडून दुसरीत जातं, हे ऐकून पुष्कळांनी नाकं मुरडली. पुढे त्या होमिओडोमेनचा सोळा अमिनो आम्लांचा तुकडा पेशीत माल नेण्यासाठी जगभर वापरला जाऊ लागला.

पण मनू, हीच गोष्ट मला दोन्ही बाजूंनी सांगायची आहे. 2003 मध्ये याच जातीच्या पेप्टाइडांवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की पेशी फिक्स केल्या की पेप्टाइड न्यूक्लियसमध्ये दिसतं, आणि जिवंत पेशीत पाहिलं तर ते पिशव्यांमध्येच अडकलेलं असतं. म्हणजे फिक्स करण्यानेच ते हललं होतं. मायक्रोस्कोपखाली दिसलं ते खरं, पण ते प्रयोगाच्या आधीही तिथेच होतं का, हे मायक्रोस्कोप सांगत नाही. म्हणून तुझ्या फॉर्मल्डिहाइडवर भरवसा ठेवू नकोस. क्रिस्परने प्रोटीनला त्याच्या मूळ जागीच जीएफपीचं शेपूट लाव आणि जिवंत अंड्यात बघ. आणि सगळ्यात आधी, ज्या माशीत ते जनुकच नाही तिच्या अंड्यावर हीच अँटिबॉडी घाल. तिथेही धुकं दिसलं तर सर बरोबर, मग खुशाल काळं कर. त्याला कुणी खोटं म्हणणार नाही, मी तर नाहीच.

फिक्सेशनची ही भीती पार करून जी कामं उभी राहिली, ती मला जास्त विश्वासाची वाटतात. एन्ग्रेल्ड घे. 2005 मध्ये नेचरमध्ये आलेल्या कामात बेडकाच्या डोळ्यातून निघणाऱ्या चेतातंतूंच्या टोकाशेजारी एन्ग्रेल्ड-2 चा हलका उतार तयार केला. नाकाकडच्या बाजूचे तंतू त्याच्याकडे वळले, कानशिलाकडचे दूर गेले. पेशीत शिरू न शकणारं, बदललेलं एन्ग्रेल्ड दिलं तर कुणीच वळलं नाही. आणि नवीन प्रोटीन बनणं औषधाने रोखलं तरीही वळणं थांबलं. तंतूच्या टोकापाशीच साठवलेल्या निरोपांचं वाचन एन्ग्रेल्ड सुरू करतं, न्यूक्लियस मागे पेशीत लांब राहिलेला असताना. विचार कर, ज्या प्रोटीनचं नाव आपण पुस्तकात माशीच्या खंडांची मागची बाजू ठरवणारं म्हणून पाठ केलं, ते डोळ्याच्या तारेला रस्ता दाखवतंय.

ओटीएक्स2 तर माझं लाडकं. गर्भात डोकं घडवायला लागतं ते. 2008 मध्ये पॅरिस आणि बोस्टनच्या लोकांनी उंदरात दाखवलं की जन्मानंतर ते मेंदूच्या दृष्टिभागातल्या काही ठरावीक पेशींत साठतं, पण तिथे बनत नाही, बाहेरून येतं. ते पुरेसं साठलं की मेंदू डोळ्याने दाखवलेलं शिकून घेतो तो काळ सुरू होतो, आणि अंधारात वाढलेल्या पिल्लांत ते कमी साठतं. मोठ्या उंदरात मेंदूतलं पाणी तयार करणाऱ्या जाळीतून ते येणं कमी केलं, तर बंद झालेली शिकायची खिडकी पुन्हा थोडी उघडते. तिरळ्या डोळ्यांच्या लहान मुलांना वेळेत पट्टी बांधा म्हणून डॉक्टर का घाई करतात ते आठव. बाळूच्या डोळ्याच्या वेळी आपण किती हुज्जत घातली होती. आत शिरल्यावर ओटीएक्स2 पुन्हा जनुकांवरही काम करत असेल, ती गोष्ट निराळी. पण पेशीपेशींतला निरोप्या म्हणून ते चाललं, एवढं तरी मान्य करायला हवं.

तुमच्याच टेकडीवरचं आणखी एक: 2004 मध्ये मिखाएल केसल यांच्या गटाने दाखवलं की हॉक्स प्रोटीनं जेमिनिन नावाच्या प्रोटीनला पकडतात. जेमिनिन डीएनएची नक्कल दुसऱ्यांदा होऊ नये म्हणून सीडीटी1 ला धरून ठेवतं. हॉक्स मध्ये आलं की सीडीटी1 सुटतं. आणि उलट, जेमिनिन हॉक्सला डीएनएपर्यंत पोचू देत नाही. शरीराचा कुठला भाग कुठे, हे ठरवणारे आणि पेशी कधी दुभंगणार, हे ठरवणारे एकमेकांना असे थेट अडवतात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपली जुनी शिकवण्याची पद्धत फार सोपी वाटली. आम्ही फळ्यावर बाण काढायचो: प्रोटीन, डीएनए, जनुक चालू. बाण एकाच दिशेचा.

तरीही असल्या सगळ्याच कामांवर सारखा विश्वास ठेवू नकोस, हेही तुला मीच सांगणार. जॉन्स हॉपकिन्समध्ये सरस्वती सुकुमार यांच्या गटाने 2007 मध्ये दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत एचओएक्सबी7 तुटलेला डीएनए जोडणाऱ्या केयू प्रोटीनांशी जोडलं जातं आणि दुरुस्ती वाढवतं, म्हणून त्या पेशी किरणोत्सर्गाने लवकर मरत नाहीत. रुग्णांसाठी हे फार महत्त्वाचं. पण ते कर्करोगाच्या पेशीत दिसलं, तिथे हे प्रोटीन नेहमीपेक्षा जास्त बनतं. गर्भ घडताना ते हेच काम करतं असं त्यावरून आपण म्हणायचं नाही. प्लेटमधल्या पेशींत प्रोटीन ढीगभर बनवलं, ते ओढून काढलं आणि बरोबर दुसरं कुणीतरी चिकटून आलं, एवढ्यावर पेपर लिहिलेले असतात. तू वाचताना पहिला प्रश्न हाच विचार, की प्रोटीन किती होतं. मग बाकीचं.

तुझ्या बिल्डिंगमधल्या त्या सूत्रकृमीवाल्या मुलीला, सी. एलेगन्सवाल्या म्हणते मी, तिच्या बीटा-कॅटेनिनचं विचार. माशीत ते एकच असतं, आर्माडिलो. तेच पेशींना एकमेकींशी चिकटवून धरतं आणि तेच डब्ल्यूएनटीचा निरोप न्यूक्लियसमध्ये नेऊन जनुकं चालू करतं. तिच्या किड्यात मात्र कामं वाटून दिलीत: चिकटवायला एचएमपी-2, निरोपाला बीएआर-1 आणि इतर. एकाच प्रोटीनने दोन्ही करायचं की दोघांत वाटायचं, हे प्राण्याप्राण्याचं ठरतं, हे मला फार आवडतं. तुझ्या प्रोटीनचे भाऊबंद दुसऱ्या कुठल्या कीटकात दोन असतील का, आणि एक कायम बाहेर राहणारा असेल का? डासात, मधमाशीत बघ.

मला माहीत आहे, पुण्यात असताना तुम्ही आयसरमध्ये शशिधर सरांच्या गटाचं अल्ट्राबायथोरॅक्सवरचं काम ऐकलं होतंत. पंखाच्या जागी ती छोटी तोल सांभाळणारी दांडी का येते, त्यावर त्यांनी वर्षानुवर्षं घालवली. तू त्या सेमिनारवरून येऊन मला रात्री फोन केला होतास आणि दीड तास बोलली होतीस, मला मध्ये भात उतरवायलाही सोडलं नाहीस. ती मनू कुठे गेली गं? कॉन्ट्रास्ट वाढवून मोकळी होणारी ही मुलगी मला ओळखू येत नाही.

सरांशी भांडू नकोस मात्र. ते तुझ्या डिग्रीवर सही करणार आहेत, आणि या प्रयोगांसाठी तुला दोन महिने देणं न देणं त्यांच्या हाती आहे. धुक्याबद्दल वाद घालायला जाशील तर ते त्यांच्या अनुभवाबद्दलचा वाद होऊन बसेल. त्यापेक्षा दोन स्लाइड समोर ठेव, जनुक नसलेलं अंडं आणि जनुक असलेलं, आणि गप्प बस. तुझ्या आजोबांना कसं पटवायचो आम्ही? बोलून कधीच नाही. कागद पुढे ठेवला की ते चष्मा लावायचे.

आणि कुणाकडून अँटिबॉडी, माश्या हव्या असतील तर लिहायला लाजू नकोस. माशीवाले एकमेकांना माश्या पाठवतात, ही त्यांची फार जुनी चांगली सवय आहे. व्हेरोनिका रॉड्रिग्ज, मूळ गोव्याच्या घरातल्या पण केनियात वाढलेल्या, डब्लिनमध्ये शिकत असताना ओबेद सिद्दिकींचं काम वाचून त्यांनी सरळ टीआयएफआरला पत्र टाकलं. त्यातून त्या मुंबईत आल्या आणि भारतातल्या माशीच्या चेतासंस्थेच्या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झाल्या. तुला तर नुसता ईमेल करायचाय. आर्जिनिन 54 चे ते जुने वाहक अजून कुणाच्या फ्रीझरमध्ये असतील, विचारून तर बघ.

आता जेवणाचं. आईने तुला विचारलं तर "कँटीनमध्ये, मेन्सात खाते" म्हणतेस, आणि मला पाठवलेल्या फोटोत टेबलावर बिस्किटाचा पुडा असतो. आप्पांचा पुतण्या पुढच्या आठवड्यात हानोव्हरला येतोय, त्याच्या बॅगेत मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, गोडा मसाला आणि थोडे बेदाणे देतेय. बेदाणे मागच्या सालचे आहेत, यंदाचं काय होणार देवाला ठाऊक. रात्री मेतकूट-भात करून खायला दहा मिनिटं लागतात, आणि माशी अंडी घालते तेवढ्या वेळात तू झोपू शकतेस. रात्री दोनला माशीचं काही अडत नाही. तुझी माती होते.

रविवारी आईला फोन कर, व्हिडिओवर, आणि केस विंचरून कर. तिला धुक्याचं काही सांगायला जाऊ नकोस, ती आणखी घाबरेल. तिला सांग की दोन महिन्यांचं काम मिळालंय आणि ते तू करतेयस.

तुझी,
मावशी

ता. क. हानोव्हरहून तुझ्याकडे रेल्वेने अर्ध्यापाऊण तासाचाच रस्ता आहे म्हणे. त्या मुलाला थंडीत स्टेशनवर ताटकळत ठेवू नकोस, आणि चटणीचा डबा आल्या आल्या उघडून बघ, झाकण ढिलं आहे, तेल सांडतं.